दर तीन महिन्यांनी रुसणारी वेबसाइट

काकूंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत संगणकाकडे टक लावून बसली होती. पडद्यावर लाल अक्षरं होती: ही साइट सुरक्षित नाही.

दर वेळी दक्षिणा घेऊन साइट सुरू करून देणाऱ्या सर्व्हरबाबाने कीबोर्ड पुढे ओढला. "काका सर्व्हरमध्ये घुसमटलेत! एकटे पडलेत, म्हणून रुसलेत. डोळे मिटा सगळ्यांनी. उघड्या डोळ्यांना ते लाजतात."

सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. मी खालच्या मजल्यावर एकटी राहणारी, संगणक शिकवून निवृत्त झालेली बाई.

काकांनी अंध श्रोत्यांसाठी शेकडो गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ते गेल्यावर काकू ती वेबसाइट सांभाळत. श्रोत्यांची पत्रं, एवढीच काय ती त्यांची दिवसभरातली सोबत. पण दर तीन महिन्यांनी लाल अक्षरं उमटत, फोनने तो इशारा वाचून दाखवताच श्रोते बिचकून मागे फिरत, पत्रं बंद होत. काकूंचं जेवणावरून मन उडे.

बाबाची बोटं भराभर चालली. "पाहा!"

पडद्यावर चिमुकलं कुलूप उमटलं होतं. लोकांनी हात जोडले.

"काकू, त्या कुलपावर क्लिक करा," मी म्हटलं.

साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र उघडलं. सुरुवात आजची, शेवट बरोबर नव्वद दिवसांनी.

"बाबा, काका तारीख बघून रुसतात का हो?"

"बाई, दैवी गोष्टीत नाक खुपसू नये!"

मी माऊस हातात घेतला. साइट जिच्या सर्व्हरवर असते त्या होस्टिंग कंपनीचं पान त्याने घाईत उघडंच ठेवलं होतं. "हे प्रमाणपत्र फुकट मिळतं. मुदत संपण्याआधी सर्व्हर आपणहून नवं घेतो. ती सोय इथे बंद केलेली आहे. काकू, पासवर्ड कोणाकडे असतो?"

"बाबांकडेच."

बाबा तोवर चपला शोधायला लागला होता. काकूंनी स्वतःच्या बोटाने ती सोय चालू केली, पासवर्डही बदलला. लोक खाली माना घालून पांगले.

काकू मात्र खुर्चीतच बसून राहिल्या. "म्हणजे हे रुसले नव्हते?"

"नाही, काकू."

"रुसायचे तेव्हा वाटायचं, कुठेतरी आहेत."

घरी माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही काकांच्या आवाजातल्या गोष्टी ऐकल्या.

जवळचं माणूस गेलं की मन मिळेल त्या आधाराला धरतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या दुःखावर कोणी दुकान मांडलं, तर निदान एवढं विचारा: हे झालं कसं? आणि उत्तर सापडल्यावर त्या माणसाला एकटं सोडून उठू नका.