चौदा नंबरात कुणी मरत नाही

मी फळी बोलतेय. दोन बाकांवर तीन फळ्या टाकल्या की हाँगकाँगच्या आमच्या गल्लीत त्याला पलंग म्हणतात. त्यातली मधली मी. झोपणाऱ्याचा सगळा भार मधलीवरच येतो, म्हणून मला थोडा तोरा आहे.

वरच्या मुलखातल्या डोंगरावर एक सरळसोट झाड होतं, त्याची मी. नदीतून वाहत आले, सुतारानं रंधा मारला आणि चौदा नंबरच्या घरात येऊन पडले. लाकडी आडभिंती घालून त्या घराच्या अकरा खोल्या केल्या होत्या. खोली म्हणजे एक पलंग आणि पलंगाखालची जागा. मागं चौक, चौकात विहीर, आणि विहिरीला पाठ लावून संडास. बांधणाऱ्यानं जागा तेवढी वाचवली होती.

माझ्यावर माणसं झोपली, जेवली, भांडली, एक बाळंतपणही झालं. पण माझं खरं काम वेगळंच होतं. भाड्याच्या घरात मरायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. परक्या छपराखाली मेलेल्याचा जीव तिथंच अडकतो म्हणतात, आणि मग त्या खोलीत राहायला कुणी येत नाही. म्हणून माणसाला घरघर लागली की घराचा कारभारी मोक दोन हमाल बोलवायचा. ते माणसासकट मला उचलायचे आणि टेकडीवरच्या मरणघरात नेऊन ठेवायचे. तिथं माणूस मरायचा. मला धुऊन परत आणायचे आणि दुसरं कुणी माझ्यावर अंग टाकायचं.

पाच वर्षांत मी अशी नऊ माणसं वर नेली. बहुतेकांना पाण्यासारखे जुलाब, ओकाऱ्या आणि पायांत गोळे. मरणघरातला लिहिणारा सगळ्यांपुढं ‘ताप’ लिहायचा, कारण विचारत बसायला त्याला सवड नसायची.

नववा होता तिन-सिंगचा मुलगा, तीन वर्षांचा. तिन-सिंग धक्क्यावर कोळसा वाहायचा. बायको होई-तिम घरी काड्यापेट्या चिकटवायची. मुलगा सकाळी खेळत होता आणि दिवेलागणीला गेला. मागं उरली सहा वर्षांची चिउ.

पुढच्याच आठवड्यात सरकारी कारकून इप गल्लीत आला. घाणेरड्या विहिरी बुजवायचा हुकूम निघाला होता. होई-तिमनं त्याला चौकात नेलं आणि पाण्याचा वास घ्यायला लावला. त्यानं नाक मुरडलं, पण वही उघडून मान हलवली.

“वहिनी, शहरात वर्षाला हजारामागं तीस माणसं मरतात. तुमच्या घरात पाच वर्षांत एकही नाही. गल्लीतलं सगळ्यांत निरोगी घर आहे हे.”

“माझा मुलगा गेला की.”

“तो मरणघरात गेला. ते मरण त्या जागेच्या नावावर.”

मोकची छाती फुगली. कोपऱ्यात गोधड्या शिवत बसलेली शेजारच्या खोलीतली फान मावशी म्हणाली, “मग मरणघराचीच विहीर बुजवा की. तिथं विहीर नाही म्हणता? तेवढं सोडलं तर हिशेब चोख आहे.”

इप वाईट माणूस नव्हता. जाताना त्यानं नियम सांगितला. एका घरात एका वर्षात या जुलाबांच्या रोगानं दोन मरणं लिहिली गेली, तर तिथली विहीर बुजते. सरकारी नळाला सकाळी तासभर पाणी यायचं आणि रांग टेकडीखालपर्यंत जायची. बाकी दिवसभर तीच विहीर. होई-तिमनं चिउला तिथलं पाणी पिऊ नको म्हणून मारलंसुद्धा, पण तहानलेल्या पोरीला किती वेळ धरून ठेवणार?

महिन्याभरात तिन-सिंग माझ्यावर पडला. तसेच जुलाब, तसेच गोळे. हमाल दारात आले तेव्हा तोच म्हणाला, “जाऊ दे मला. इथं मेलो तर मोक तुम्हां दोघींना बाहेर काढेल.”

होई-तिम वाकून म्हणाली, “वर मेलात तर तुमचं मरण फुकट जाईल. चिउला हेच पाणी प्यायचंय.”

मग त्यानं माझी कड घट्ट धरली. “तर मग मला सोडू नकोस. मी भित्रा आहे, ऐन वेळी हो म्हणेन.”

ती त्याच्या पायाशी माझ्यावरच चढून बसली. दोघांसकट मला उचलायला हमाल तयार होईनात. मोकनं खूप समजावलं, मग धमकावलं. “बाई, नवऱ्याला भूत करायला निघालीस तू.”

“आमच्याच खोलीत फिरेल ना,” ती म्हणाली. “फिरू दे.”

खरंच ऐन वेळी तो हो म्हणाला. वर न्या, वर न्या, असं दोनदा म्हणाला. तिनं त्याचे हात माझ्यावर दाबून धरले. दुपार व्हायच्या आत तो गेला. मोक ‘ताप’ सांगत होता, पण तिनं इपला जुलाब लिहायला लावलं, घराच्या नंबरासकट. इपनं लिहिलं आणि हळूच म्हणाला, “एक झालं.”

मोकनं तिला बाहेर काढलं नाही. त्या खोलीत आता दुसरं येणार तरी कोण? मला भिंतीला उभं करून ठेवलं. माझ्यावर कुणी बसेनासुद्धा.

अकराव्या दिवशी फान मावशीला ओकाऱ्या सुरू झाल्या. मावशीला पुढंमागं कुणी नव्हतं. मरणघरात निदान कुणीतरी उदबत्ती लावतं, म्हणून तिथंच मरायचं तिनं कधीचं ठरवलं होतं. नेसायचे नवे कपडेही शिवून ठेवले होते. ती भिंत धरत आली आणि होई-तिमला म्हणाली, “ती फळी टाक गं खाली. नाही तरी वाया गेलीय.”

“मावशी, तुम्ही वर जा. तुम्हांला कुणी नाही.”

“म्हणून तर. माझ्या मरणाचा कुणाला तरी उपयोग होऊ दे.” मग आडवी झाल्यावर म्हणाली, “भीती वाटतेय मला. हात दे.”

लाकूड रडत नाही म्हणतात. मला त्या दिवशी रडू आलं.

इपनं वहीत दुसरं मरण लिहिलं, आणि विहीर दगडमातीनं बुजवली. वर बसवायला काहीतरी हवं होतं, आणि मला कुणी घरात ठेवून घेत नव्हतं, म्हणून मलाच ठोकलं. सहा खिळे आहेत माझ्यात. चिउ आता आईबरोबर पहाटे नळाला जाते. सरकारी वहीत चौदा नंबर गल्लीतलं सगळ्यांत घातक घर झालं आहे. लोक आमच्या दारावरून जाताना नाक झाकतात.

माझ्यावर भाजी वाळवा, कपडे आपटा, पण मला उपटू नका. आणि एक करा. चौकाच्या भिंतीपलीकडं पंधरा नंबर आहे. परवा तिथून दोघा हमालांनी एका फळीवर एक बाई वर नेली, काल तिचं पोर. वहीत ते घर अजून निरोगी आहे. आज सकाळीही तिथल्या विहिरीत बादली बुडाल्याचं मी ऐकलं. कुणीतरी जाऊन त्यांना सांगा, मरायचं तर घरातच.