इशबेलने निवडलेला किल्ट

मित्रांनो, मी एक जुना किल्ट आहे. ओबान बंदरातले पुरुष कंबरेला नेसतात तो निऱ्यांचा लोकरी किल्ट. रंगाने राखाडी, सणासुदीचा नव्हे, रोजच्या वापरातला.

वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात इशबेलने मला पाहिले. तिचा नवरा टोरकिल बोटीवर खलाशी होता. त्याच्या मनात तिथलाच एक झगझगीत, नव्यासारखा किल्ट भरला होता. इशबेलने त्याचे कापड मुठीत चुरगळले.

"एका पावसात याचं पोतेरं होईल. हा राखाडी बघ. लोकर जड आहे, निऱ्या खोल आहेत. कमी पैशात घ्यायचं म्हणून कायपण घ्यायचं नाही."

"आणि किल्टवर पुढे लटकवायची कातडी पिशवी? ती किल्टपेक्षा महाग!"

"तुझ्या वडिलांची आहे की. पट्टा कामावरचाच लाव, वर स्वेटर. झालास राजबिंडा!"

मोजे तिने स्वतः विणले. धक्क्यावर सोबती चिडवायचे, "काय रे टोरकिल, लग्नाला निघालास की मासळी आणायला?" टोरकिल छाती काढून म्हणायचा, "बायकोची निवड आहे. जळा!"

मग इशबेल आजारी पडली आणि त्यातच गेली. अंत्यविधीच्या दिवशी त्यांची मुलगी कत्रिओना म्हणाली, "बाबा, आज तरी काळा सूट घाला." त्याने ऐकले नाही. भर पावसात मला नेसून तो कबरीपाशी उभा राहिला. घरी आल्यावर त्याने मला तसेच ओले कपाटात टांगले आणि दार लावले. मला पाहणेच त्याला सोसेना.

अंधारात मला कसर लागली. मी हाक कशी मारणार?

काही वर्षांनी कत्रिओनाचे लग्न ठरले. ती म्हणाली, "बाबा, तोच किल्ट नेसा ना. आई जवळ असल्यासारखं वाटेल."

टोरकिलने कपाट उघडले. मला उजेडात धरले, तर माझ्या निऱ्यांतून पलीकडची खिडकी दिसत होती. तो पलंगावर मटकन बसला.

"इशबेल, तुझी एवढी एक वस्तूसुद्धा मला सांभाळता आली नाही गं."

कत्रिओनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला तो भाड्याचा किल्ट नेसून गेला.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू कपाटात कोंडू नका. त्यांना ऊन दाखवा, वारा लागू द्या. आणि डोळे भरून आले, तरी त्या अंगावर घाला.