अकरा महिन्यांचं गोदाम

नवं काहीही आलं की ते समजून घेण्याआधी त्याचा समारंभ करायचा, ही गुरुदास शेट्यांची जुनी खोड. ते तेरेखोल गोदामे लिमिटेडचे वित्तप्रमुख होते. त्यामुळे भाडेकरारांचं नवं लेखामानक एप्रिल २०१९ पासून लागू होणार असं कळलं, तेव्हा त्यांनी फेब्रुवारीतच डिचोलीच्या एका हॉटेलात परिसंवाद ठेवला. समई पेटली, पणजीहून आलेल्या सल्लागाराला शाल मिळाली, आणि मागे ‘पारदर्शकतेकडे आमचं पाऊल’ असा फलक लागला. फलकावर रघुनाथबाबांचा, म्हणजे कंपनीच्या मालकांचा, फोटो इतका मोठा होता की पारदर्शकतेला कोपऱ्यातच जागा मिळाली होती.

गौरवी कोरगावकर तिसऱ्या रांगेत बसून हे सगळं बघत होती. ती पेडण्याची, सनदी लेखापाल, कंपनीचे तिमाही निकाल तयार करणारी. निकाल ती तयार करायची आणि गुरुदास ते ‘सादर’ करायचे. एवढ्या वर्षांत तिला त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं. उरला होता तो एक स्वच्छ तिरस्कार, आणि तो ती चहाबरोबर रोज थोडा थोडा गिळत असे.

मानक तसं सरळ होतं. इतकी वर्षं भाड्याच्या गोदामाचं भाडं दर महिन्याला खर्चात पडायचं आणि विषय संपायचा. आता तसं चालणार नव्हतं. नऊ वर्षांच्या कराराने जागा घेतली असेल, तर ती वापरायचा हक्क ताळेबंदाच्या एका बाजूला आणि पुढच्या सगळ्या वर्षांच्या भाड्याचं ओझं दुसऱ्या बाजूला, असं उघड्यावर मांडायचं होतं. पहिल्याच तिमाही निकालात टीप देऊन सांगायचं होतं, की आम्ही पद्धत बदलली आणि त्याचा परिणाम हा असा झाला. सूट फक्त वर्षभराच्या किंवा त्याहून लहान करारांना.

मानकाची पानं भरपूर होती. गुरुदासांनी त्यातली ही शेवटची ओळ तेवढी वाचली.

“सगळे करार अकरा महिन्यांचे करून टाकूया,” ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले. “मार्चातच. एप्रिल उजाडेल तेव्हा आपल्याकडे लांबचा करारच नसेल. मग मानक कोणाला लावणार?”

“सर, लाटंबार्श्याचं गोदाम गेलं तर आपलं अर्धं काम बंद पडेल,” गौरवी म्हणाली. “तिथे आपण अकरा महिन्यांसाठी बसलोय का?”

“गेलं कशाला? बसायचं नऊ वर्षंच. कागद तेवढा अकराचा. बाकी तोंडी.”

“म्हणजे ते नऊ वर्षं आपलं आहे की नाही? असेल तर दाखवायला हवं. नसेल तर नाही म्हणायची तयारी हवी.”

गुरुदासांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, लहान मुलीने कविता म्हटल्यावर पाहावं तसं. “तू फार पुस्तकी आहेस गे. मोपाला विमानतळ होतोय, आपल्या पात्रांवला, रघुनाथबाबांना, तिथे मालाच्या शेड टाकायच्या आहेत. त्यासाठी कर्ज काढायचं, तर आत्ता ताळेबंद जड दिसून चालणार नाही. व्यवहार म्हणून काही असतो.”

व्यवहार हा शब्द ते नेहमी असा उच्चारत, जणू तो त्यांच्या घराण्यातच चालत आला होता.

बाकीच्या गोदामांचे मालक मुकाट्याने सह्या करून गेले. राहिली लाटंबार्श्याची गंगा गावस. तिची जागा रस्त्याला लागून, बापाकडून आलेली. खाणी चालू होत्या तेव्हा तिथे ट्रकांची दुरुस्ती चालायची. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभे राहून गंजले, पण गंगाने रडत न बसता शेड वाढवली, पत्रे बदलले आणि जागा कंपनीला दिली. उत्तर गोव्यातल्या निम्म्या दुकानांचा साबण, बिस्किटं आणि औषधं तिथून सुटत. गंगाची भाषा तिखट म्हणून गुरुदासांनी गौरवीला बरोबर घेतलं. बाईला बाई बरी, असं गाडीत दोनदा म्हणाले.

काजूचा हंगाम होता. गंगा सोप्यावर बसून बिया निवडत होती. तिने दोघांना बसायला लाकडी कदेलं दाखवली आणि हातातलं काम चालूच ठेवलं.

“वयनी, एक लहानसा कागद आहे,” गुरुदास गोड आवाजात म्हणाले. “सरकारी नियम बदललाय. जुना करार रद्द करून हा नवा. नुसती फॉर्म्यालिटी.”

“नऊ वर्सांचो होतो. ह्यो कितल्याचो?”

“अकरा महिन्यांचा. पण ते कागदावर हां! आम्ही काय कुठे जाणार नाही. माझा शब्द.”

गंगाने गौरवीकडे वळून पाहिलं. “बाये, तू सांग. हाचो अर्थ काय?”

गुरुदासांनी घसा खाकरला. गौरवीने तिकडे लक्ष दिलं नाही. “काकी, अर्थ असा, की जानेवारीच्या शेवटी करार संपेल. मग कंपनी जागा सोडायला मोकळी. आणि तुम्हीही दुसऱ्याला द्यायला मोकळ्या. कागद एवढंच म्हणतो.”

“आणि हेंचो शब्द?”

“तो कागदावर नाही.”

गंगाने हातातली बी टोपलीत टाकली, पदराला हात पुसले आणि विचारलं, “खंय सही करूची?”

परतीच्या वाटेवर गुरुदास खुशीत होते. “बघितलंस? तू उगाच घाबरवत होतीस. बिचारीला काही कळलंसुद्धा नाही.” गौरवीने खिडकीची काच खाली केली. तिला त्या बाईचा चेहरा आठवत होता, आणि न कळल्याची एकही खूण त्यावर तिला सापडत नव्हती. मात्र हे त्यांना सांगायची तिला मुळीच इच्छा झाली नाही.

जून संपला. नव्या मानकाखालचे पहिले तिमाही निकाल आले. गौरवीने टीप लिहिली ती अशी: मानक लागू होण्याआधी कंपनीने आपले मुख्य भाडेकरार अल्पमुदतीचे केले, त्यामुळे ताळेबंदात ओझं दिसत नाही, मात्र जानेवारीनंतर या जागा कंपनीकडे राहतील याची खात्री कोणत्याही करारात नाही.

गुरुदासांनी पेन काढलं आणि दुसरं वाक्य खोडलं. मग पहिलंही खोडलं. त्या जागी लिहिलं: ‘कंपनीने नवे मानक यशस्वीरीत्या स्वीकारले असून त्याचा लक्षणीय परिणाम नाही.’

“यशस्वीरीत्या हा शब्द टिपेत कशाला?” गौरवीने विचारलं.

“वाचणाऱ्याला बरं वाटतं.”

लेखापरीक्षक कृष्णनाथ धोंड मर्यादित तपासणी करायला आले. तपासणीपेक्षा मर्यादित हा भाग ते मनापासून पाळत. गौरवीने त्यांना बाजूला घेऊन खोडलेली टीप दाखवली. त्यांनी ती वाचली, मान डोलावली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तू म्हणतेस ते तत्त्वतः बरोबर आहे.” तत्त्वतः म्हणजे काही करायची गरज नाही, हे तिला ठाऊक होतं. दुपारी जेवताना त्यांनी किंगफिशची दुसरी तुकडी घेतली आणि संध्याकाळी सही केली.

संचालक मंडळाच्या बैठकीत टाळ्या वाजल्या. उषा केरकर, निवृत्त प्राध्यापिका आणि स्वतंत्र संचालक, यांनी एकच प्रश्न विचारला, “इतर कंपन्यांचं ओझं वाढलंय, आपलं कसं नाही?” रघुनाथबाब हसून म्हणाले, “आमचो गुरुदास आसा न्हय!” पुन्हा टाळ्या. गौरवी भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. एवढ्या शिकलेल्या माणसांनी भरलेल्या खोलीत एकालाही पुढचा प्रश्न सुचू नये, याचं तिला आश्चर्य वाटलं. आणि मग आश्चर्य वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

सप्टेंबरच्या तिमाहीत तीच टीप पुन्हा छापली. तोवर गुरुदासांना कुठल्याशा संस्थेकडून मानपत्रही मिळालं होतं. ते त्यांनी केबिनमध्ये, आत येणाऱ्याला पहिलं दिसेल अशा भिंतीवर लावलं.

जानेवारीच्या मध्यावर गंगा गावस डिचोलीच्या ऑफिसात आली. चांगली इस्त्रीची साडी, हातात छत्री, आणि बरोबर कोणी नाही. गुरुदासांनी तिला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि गौरवीला हाक मारली. करार पुन्हा अकरा महिन्यांसाठी वाढवायचा कागद तयारच होता.

“तो ठेव,” गंगा म्हणाली. “जागा म्हयन्याअखेर रिकामी करून जाय. मी औषधांच्या कंपनीक दिली. नऊ वर्सां. रजिस्टर करून.”

गुरुदासांचा हात कागदावरच राहिला. “वयनी, हे काय? आपलं ठरलं होतं! मी शब्द दिला होता!”

“तू दिल्लो. मी खंय दिल्लो?”

“असं कसं? आम्ही तुमच्या भरवशावर—”

“भरवसो होतो तर कागद कित्याक फाडलो?” गंगाचा आवाज चढला नाही. “माज्या घरात येऊन, माज्या सोप्यार बसून तू माका फॉर्म्यालिटी सांगलंस. माका वाटला, ह्या लोकांका जागा नको जाली, म्हणून मी दुसरो सोदलो. तो बरो मिळालो. तुजे उपकार.”

तिने चहा पूर्ण प्यायला, कप बशीत नीट ठेवला आणि उठली. दारात थांबून गौरवीला म्हणाली, “बाये, त्या दिसा तू सारका, खरा सांगिल्लंस.” गुरुदासांनी ते ऐकलं.

रघुनाथबाब स्वतः लाटंबार्श्याला जाऊन आले. आधी दम दिला, मग दुप्पट भाडं देऊ केलं, शेवटी सातेरीदेवीची शपथ घातली. गंगाने त्यांना पाणी दिलं आणि दार दाखवलं. महिनाअखेर कंपनीचे ट्रक माल भरून निघाले तेव्हा तो कुठे उतरवायचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. काही माल थिवीला एका बंद पडलेल्या कारखान्यात गेला, काही म्हापशाला, काही ताडपत्रीखाली ट्रकांतच राहिला. पेडण्याच्या दुकानदारांनी दुसऱ्या वितरकाकडून साबण घ्यायला सुरुवात केली.

फेब्रुवारीत डिसेंबर तिमाहीच्या निकालांसाठी मंडळ बसलं. आता टीप लपवणं शक्य नव्हतं, कारण गोदाम गेल्याचं डिचोलीच्या बाजारात मासळीवालीलाही माहीत होतं. गुरुदास उभे राहिले आणि त्यांनी दुःखी आवाजात सांगितलं, की नव्या लेखामानकाच्या क्लिष्ट तरतुदींमुळे कंपनीला ही झळ बसली.

“मानकामुळे?” उषाबाईंनी विचारलं. “जूनच्या निकालात तर लक्षणीय परिणाम नव्हता.”

उषाबाई खुर्ची वळवून गौरवीकडे पाहू लागल्या. “निकाल तुम्ही तयार करता ना? जागा जाऊ शकते हे तेव्हा माहीत नव्हतं?”

गौरवी उभी राहिली. आवाज तिला हवा तसा आला. “माहीत होतं, मॅडम. मी टिपेत लिहिलं होतं. गुरुदाससरांनी ते खोडलं. लेखापरीक्षकांना दाखवलं, ते म्हणाले तत्त्वतः बरोबर आहे. मानकाने आपलं काही बिघडवलेलं नाही. मानक एवढंच विचारत होतं, की जी जागा तुम्ही आपली म्हणता ती किती वर्षं तुमची आहे. आपण म्हटलं, अकरा महिने. मालकिणीने ते खरं मानलं.”

रघुनाथबाबांनी कपाळाला हात लावला. कृष्णनाथ धोंड खिडकीबाहेर, समोरच्या नारळाकडे पाहत राहिले. उषाबाईंनी शांतपणे सांगितलं, की गौरवीचं हे म्हणणं इतिवृत्तात जसंच्या तसं घ्यावं, आणि पुढच्या बैठकीपासून आपण मंडळावर नसू. गौरवीला त्यांच्याबद्दल आदर वाटला आणि चीडही आली. प्रश्न विचारायचं धैर्य त्यांच्याकडे होतं, पण ते जूनच्या निकालांवेळी एका हसण्याने गप्प बसलं होतं.

पुढच्याच महिन्यात कंपनीने तुयेला नवं गोदाम घेतलं. भाडं जास्त, रस्ता वाईट, आणि तिथल्या मालकाने नऊ वर्षांखाली बोलायलाच नकार दिला. ते सगळं ओझं ताळेबंदात आलं, जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला होता त्याहून मोठं. ती टीप गौरवीने लिहिली. या वेळी कोणी पेन काढलं नाही. ती छापून झाली तेव्हा तिने राजीनामा दिला.

गुरुदास मात्र तिथेच राहिले. रघुनाथबाबांना दुसरा माणूस शोधण्याचा कंटाळा होता, आणि चूक स्वतःचीही होती हे मान्य करण्यापेक्षा गुरुदासांना ठेवून घेणं सोपं होतं. उषाबाईंच्या जागी कृष्णनाथांचे साडू आले.

गौरवीने पेडण्यात बाजाराच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. एका सकाळी गुरुदासांचा फोन आला. आवाज तोच, तुपात घोळलेला.

“पणजीला माझं व्याख्यान आहे. ‘नव्या मानकांचा स्वीकार: एक व्यावहारिक अनुभव’. तू समोर बसलीस तर बरं दिसेल.”

“अनुभव म्हणजे लाटंबार्श्याचा?”

“छे छे! तो भाग कशाला?”

“मग उरलं काय, सर?” असं विचारून तिने फोन ठेवला. समोर तुयेचा एक हॉटेलवाला कागद घेऊन बसला होता. त्याला अकरा महिन्यांचा करार हवा होता. गौरवीने त्याला आधी विचारलं, “तिथे किती वर्षं राहायचा विचार आहे?”