पाठीवर चढून दिसणारा डोंगर

मी एक जुना सोफा-कम-बेड आहे. दिवसा तिघांनी बसायचं, रात्री ओढून दोघांनी झोपायचं, असा माझा दुहेरी संसार. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. तेव्हा मधे मधे 'जाऊ दे रे' म्हणू नका. सगळे तेच म्हणतात, म्हणून तर ही वेळ आली.

माझा जन्म एका सुताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सुतार कंजूष होता, पण लाकडाच्या बाबतीत नव्हे. त्याने मला सागवानी चौकट दिली, आत काथ्या ठासून भरला, पोटात स्प्रिंगा बसवल्या आणि खाली चार चाकं लावली. "याच्यावर नातवंडं नाचली तरी कुरकुरणार नाही," असं तो गिऱ्हाइकाला म्हणाला होता. खरंच होतं ते. नातवंडांबद्दल मी कधी कुरकुरलो नाही.

माझं पहिलं घर एका मास्तरांचं. पाहुणा आला की मास्तरीणबाई माझ्यावर धुतलेली चादर अंथरायच्या आणि सकाळी हमखास विचारायच्या, "झोप लागली ना? पाठीला काही टोचलं नाही ना?" पाहुणा जरा जरी घुटमळला, तरी दुपारी मास्तर हातोडी घेऊन माझ्या पोटात डोकं घालून बसलेले. पाहुणा म्हणजे जोखीम असते, हे मी त्या घरात शिकलो. माणसाच्या बसण्यावरून त्याचा जमाखर्च मांडायलाही तिथेच शिकलो. काम काढून आलेला कडेला टेकतो. नुसता भेटायला आलेला मागे रेलतो. खोटं बोलणारा मात्र सारखा कूस बदलतो.

पुढे मास्तर मुलाकडे राहायला गेले आणि मी आमच्या सध्याच्या मालकीणबाईंच्या पदरात पडलो.

आमचं गाव ना धड मोठं ना धड लहान. डोंगर जवळ, म्हणून सुट्टीत माणसं येतात. मालकीणबाईंनी तळमजल्यावरचा एक फ्लॅट अशा पाहुण्यांना भाड्याने द्यायला सजवला. दोन खोल्या, भिंतीवर कागदी फुलं, जेवणाच्या टेबलाला बगळ्यासारख्या उंच तिवया, आणि मी खिडकीखाली. इंटरनेटवर जाहिरात टाकली, 'सहा जणांची ऐसपैस सोय'. त्यातले दोघे माझ्या अंगावर. ते ठीक आहे, ते माझं कामच. पण खाली आणखी एक ओळ होती, 'खिडकीतून डोंगराचं दर्शन'.

मित्रांनो, त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. भिंतीवर पाण्याची टाकी दिसते. टाकीवर कधीमधी कावळा दिसतो. डोंगराचं दर्शन हवं असेल तर काय करावं लागतं, ते ऐका.

मालकीणबाईंचे दीर लग्नाचे फोटो काढतात. ते कॅमेरा घेऊन आले, खिडकीतून डोकावले आणि म्हणाले, "वहिनी, डोंगर कुठाय?"

"आहे हो भावजी, वर चढून बघा ना."

भावजी चढले. बुटांसकट. आधी बैठकीवर, मग हातावर, मग माझ्या पाठीच्या कडेवर. वरच्या झडपेतून एक हात बाहेर काढून ओरडले, "वहिनी, पाय धरा माझा! दिसला, दिसला! शेंडा दिसला!" फोटो निघाला, माझी एक स्प्रिंग तुटली आणि भावजी धाडकन खाली आले. भावजींना चहा मिळाला. तुटलेल्या स्प्रिंगवर मालकीणबाईंनी उशी ठेवली. झाली माझी दुरुस्ती!

मग एक दिवस फोन आला. मालकीणबाई माझ्यावरच बसल्या होत्या, स्पीकर चालू होता. पलीकडे एक मुलगी होती. तिच्या प्रश्नांवरूनच कळत होतं की ही बाई सहल नव्हे, लग्नकार्य उभं करते आहे. पायऱ्या आहेत का? नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का? लावून घेऊ. खिडकी कुठल्या दिशेला? सकाळी पडदा उघडला तर ऊन डोळ्यांवर तर येणार नाही?

"आणि डोंगर नक्की दिसतो ना, ताई? माझे बाबा ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटात गेली, पण नजर कायम रस्त्यावर. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला आणि आता डोळे चाललेत. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते लवकर बघून घ्या. बाबांचं म्हणणं एवढंच आहे, हातात चहा, खाली बैठक आणि समोर डोंगर. दुसरं काही नको मला म्हणतात."

"अहो, फोटो पाहिलात ना? फोटो का खोटं बोलतो?" असं म्हणून मालकीणबाईंनी कूस बदलली. मग परत बदलली. मी जिवाच्या आकांताने कुरकुरलो. त्यांनी आणखी एक उशी ठेवली.

त्या पोरीने सगळं विचारलं हो. फक्त एकच विचारायचं राहिलं, फोटो काढणारा कशावर उभा होता?

ते आले. मुलगी, जावई आणि काठी टेकत ड्रायव्हरबाबा. बाबा माझ्यावर बसले तेव्हा पाठ ताठ, दोन्ही हात पुढे, आणि डावा पाय जमिनीवर काहीतरी चाचपडत होता. गाडी सोडायला निघाल्यासारखे बसले होते.

"उघड गं पडदा," ते म्हणाले.

मुलीने पडदा उघडला.

बाबांनी डोळे बारीक करून समोर बघितलं. मग म्हणाले, "टाकी मजबूत आहे."

"बाबा, थट्टा करू नका."

"थट्टा नाही. झाकण नीट आहे, गळती नाही."

जावई मोबाइलमधला फोटो खिडकीशी जुळवून बघत होता. फोटो आडवा केला, उभा केला, शेवटी चढला माझ्या पाठीवर. "अगं, दिसतोय! इथून दिसतोय!"

"मग बाबांनाही चढवतोस का तिथे? माकड आहेत ते?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे. जाऊ दे ना."

"तू 'जाऊ दे' म्हणालास ना, तर आज टाकीवर झोपशील."

मुलीने मालकीणबाईंना फोन लावला. तिकडून आलेलं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. "दिसतो असं म्हटलं होतं. बसून दिसतो असं कुठे म्हटलं?"

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. बाबांनी माझ्या लाकडी हातावर तळवा फिरवला. "उद्या निघू आपण," ते म्हणाले. "तू खूप केलंस. डोंगर काय, गेल्या जन्मात बघितला असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई दूध आणायला गेला आणि धावत परत आला. त्या 'जाऊ दे'वाल्या माणसाचा चेहरा पार बदलला होता. "अगं, गल्लीच्या तोंडाशी ये! सगळा डोंगर उभा आहे तिथे, पायापासून!"

"आणि बाबा तिथे उभे किती वेळ राहणार? आता त्या तिवयांवर बसव म्हणशील!"

जावई वाकला आणि माझ्याखाली बघितलं. "याला चाकं आहेत."

मित्रांनो, त्यानंतर जे झालं त्याचं मला अजून हसू येतं. जावई पुढून ओढतोय, मुलगी मागून ढकलतेय, आणि ड्रायव्हरबाबा काठी उंच करून, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे काट... अरे काट म्हणतोय ना! उंबरा आहे, हळू... येऊ दे, येऊ दे... बस्स!" फाटकात मी अडकलो, तर समोरचा इस्त्रीवाला आपली गाडी बाजूला करून मदतीला आला. "कुणाची बदली झाली का?" त्याने विचारलं.

"डोंगराची," जावई म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी मला उभं केलं. बाबा बसले. मुलीने हातात चहा दिला.

इतकी वर्षं मी डोंगराच्या नावावर भाड्याने गेलो, पाहिला मात्र त्या सकाळी. त्याच्याबद्दल मी काय सांगावं? बाबा काय म्हणाले तेवढं सांगतो. आधी त्यांनी मान हळूहळू फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जेवढं डोळ्यांत मावत होतं तेवढं बघत. मग म्हणाले, "हा एवढा होता होय!" आणि त्यांचा डावा पाय शांत झाला. चहावर साय धरली, तरी त्यांनी घोट घेतला नाही.

एवढ्यात स्कूटर आली. "माझा सोफा! रस्त्यावर!" मालकीणबाई किंचाळल्या. "वस्तू बाहेर न्यायच्या नाहीत, नियमात लिहिलंय!"

"बाई," ड्रायव्हरबाबा नजर न हलवता म्हणाले, "डोंगर काही आत येईना. मग म्हटलं, आपणच बाहेर जावं."

गल्ली खदाखदा हसली. मुलगी मात्र हसली नाही. "जाहिरातीतला तो फोटो काढून टाका. आत्ता. माझ्यासमोर."

"काढते हो, एवढं काय त्यात," असं म्हणत मालकीणबाईंनी फोटो काढून टाकला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं, माझ्यासमोरच्या डोंगराकडे गेलं, आणि मोबाइल परत वर आला. "आजोबा, जरा उठता का? एक फोटो घेते."

ऐकलंत? उठता का!

"सगळा जन्म मी लोकांना त्यांच्या जागी पोचवलं, बाई," बाबा म्हणाले. "आज मी माझ्या जागी पोचलोय. उठणार नाही."

उठले नाहीत ते. ऊन चढेपर्यंत बसले. पण फोटो निघालाच. आता जाहिरातीत मी आहे, बाबांची पाठ आहे आणि समोर डोंगर आहे. पाहुणे विचारतात, "हे आजोबा कोण?" मालकीणबाई सांगतात, "आमचे एक समाधानी पाहुणे." आणि मी? मी परत खिडकीखाली, टाकीसमोर, तुटक्या स्प्रिंगवर दोन उशा घेऊन.

म्हणून म्हणतो मित्रांनो, सुट्टीला कुठे जाणार असाल तर माणसाला बसवायची जागा आधी बघा, फोटो मागाहून बघा. बिनधास्त विचारा, मालकाला राग आला तर येऊ द्या. कुणाच्या डोळ्यांत थोडाच उजेड उरला असेल, तर तो भिंती बघण्यात खर्च करायला लावणं हे पाप आहे, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आणि आमच्यासारख्या मुक्या वस्तूंची हाडं मोडून, त्यांच्या खांद्यावरून थापा मारू नका. स्प्रिंग तुटली तर स्प्रिंग बसवा, उशी नव्हे.

एवढं केलंत, तर खुशाल या. माझ्यावर बसा, रेला, झोपा, नातवंडं नाचवा. उभं राहून फोटो तेवढा काढू नका.