परिचय पुस्तिकेतलं पान

रागिणीच्या पत्राला खुशालरावांनी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास आलेलं ते पत्र खिशात घेऊन आज ते बडनेऱ्याला कुलदीपच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसले होते. बोलायला सुरुवात कशी करावी, ते कळत नव्हतं.

समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका दरवर्षी तेच तपासत. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर हे एकच काम त्यांना आपल्याला जमेलसं वाटलं होतं. कुलदीपने ती समाजाच्या मंडळासाठी इंटरनेटवर टाकली, तेव्हा ते मनातून सुखावलेही होते.

रागिणी अकोल्यात नर्स होती. तिचं नाव शोधलं की आधी तेच पान येई: फोटो, जन्मवेळ, मोबाइल नंबर, ‘घटस्फोटित’. पेशंटचे नातेवाईक वॉर्डात ते एकमेकांना दाखवत. अनोळखी माणसं नको त्या वेळी फोन करत. पुस्तिकेवर तुमचा पत्ता होता म्हणून तुम्हाला लिहिते, असं तिने लिहिलं होतं.

त्यांनी उत्तरं लिहिली आणि फाडली. पान तर तसंच होतं. मग नुसती माफी कशी लिहायची?

शेवटी त्यांनी पत्रच कुलदीपपुढे सरकवलं.

“काका, फारम तं तिच्या बापानंच भरून देल्ला होता,” कुलदीप म्हणाला.

“बापानं भरला. फोन तिले येऊन राह्यले.”

“तिचं काढलं तं उद्या सारेच म्हनतीन, आमचंबी काढा.”

“मंग साऱ्यायचंच काढ.”

मंडळाच्या सभेत खुशालराव मान हलवण्यापलीकडे काही करत नसत. कुलदीपने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुस्तिका काढून टाकली. मग रागिणीचं नाव शोधलं. लग्न जुळवणाऱ्या कुठल्याशा साइटने ते पान केव्हाच उचललं होतं. तिथे तक्रार तिलाच करावी लागेल, म्हणाला, आणि कशी करायची ते कागदावर लिहून दिलं.

“नंबर हाय ना पुस्तिकेत. लावा फोन, सांगून द्या.”

“त्या पुस्तिकेतून नाही घ्यायचा मले तिचा नंबर.”

आयुष्यभर पोस्टकार्डं लिहिणाऱ्या खुशालरावांनी पोस्टात पाकीट घेतलं आणि पत्र लिहिलं: आमच्याकडचं पान काढलं, दुसरीकडे अजून आहे, कुलदीपचा कागद सोबत जोडला आहे. माफीची एक ओळ. शेवटी स्वतःचा नंबर. फोन करायलाच हवा असं नाही, हेही.

डिंक लावून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. एक कोपरा सुटा वाटला. पुन्हा डिंक लावला, वाळेपर्यंत दाबून धरला, आणि मग पाकीट पेटीत टाकलं.