सोमवारचा ग्रह

तिने नोंदवही मागून पुढे चाळायला घेतली आणि गेल्या महिन्याच्या पानावर तिचं बोट थांबलं. ‘सोमवारी रजा. टाकी गुरुवारी भरली.’

अक्षर मामांचं. वेधशाळेतल्या या वयस्क तंत्रज्ञाला सगळे मामाच म्हणत. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला गार ठेवणारी नायट्रोजनची टाकी ते दर सोमवारी भरायचे. आणि तिने शोधलेला ग्रह बरोबर सात दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती फेरी घालायचा. त्याच्या ओढीने तारा किंचित डुलायचा, तेवढं डुलणं ती मोजायची. मामींच्या ऑपरेशनच्या आठवड्यात मात्र ते तीन दिवस उशिरा दिसलं. मामांबरोबर ग्रहही रजेवर गेला होता!

दोन वर्षं ती आकाश धुंडाळत होती आणि चोर निघाला तळमजल्यावर. काखेत कळसा, दुसरं काय. तिचे कान तापले. बाबा पेपरातलं कात्रण खिशात घेऊन हिंडत होते, भाचीने ग्रहाला ‘ठेंगू’ असं लाडाचं नावही दिलं होतं. आणि तीन वाजता या शोधाची छाननी करणाऱ्या समितीपुढे उभं राहायचं होतं.

“काय झालं मॅडम?” मामांनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांच्या मागे भिंतीवर तेच कात्रण चिकटवलेलं होतं.

“मामा, ग्रह नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“टाकी भरली की कॅमेरा गारठून जरासा आखडतो, आणि तारा डुलल्यासारखा दिसतो. त्यालाच मी ग्रह समजले.”

मामा फडक्याने हात पुसत राहिले. हात कधीच कोरडे झाले होते.

“मग चूक माझीच म्हणायची,” ते म्हणाले. “सरळ सांगा तिथे, भरणाऱ्याने गडबड केली म्हणून. माझी दोन वर्षं उरलीत नोकरीची, मला कोण काय करणार? तुमचं सगळं पुढं आहे.”

‘छे, काहीतरीच काय,’ असं तिने तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. उलट ‘तांत्रिक कर्मचाऱ्याच्या हलगर्जीमुळे’ हे शब्द तिच्या मनात आपोआप जुळले, आणि चांगले जुळले. तिला स्वतःची किळस आली.

“वही नेते,” ती कशीबशी म्हणाली.

मामांनी वहीवर हात ठेवला. “लागतेच का?”

“तारखा दाखवाव्या लागतील.”

त्यांनी हात उचलला, पण सावकाश.

जिन्यात तिने पहिली पानं उघडली. दोन वर्षांपूर्वीचा सोमवार. ‘टाकी भरल्यावर आकडे हलतात. मॅडमना सांगितले.’ शेजारी तिची सही, खाली ऐटबाज रेघ. महिन्याच्या सह्या ती एकदम करायची, उभ्या उभ्या, फोनवर बोलता बोलता. मामा काय बोलले होते, तिला काही केल्या आठवेना. वही लागतेच का, हे त्यांनी का विचारलं, ते मात्र कळलं.

समितीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अध्यक्षांनी चष्मा काढला.

“इतकी साधी गोष्ट. आधी कुणाच्याच लक्षात आली नाही?”

“आली होती,” ती म्हणाली.

तिने वही त्या पानावर उघडून त्यांच्यापुढे सरकवली. अंगठा नेमका सहीवर होता. थोड्या वेळाने तिने तो उचलला.