वाटीभर तीर्थ

नीरजाला सासरच्या माणसांचा वीट आला होता आणि तो लपवायचं तिनं सोडून दिलं होतं. तिची पाच वर्षांची मुलगी अक्षरा महिनाभर सकाळी उठली की ओकत होती, चालताना डावीकडं झुकत होती, आणि तुळजापुरातलं हे पुजाऱ्यांचं घर तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळत बसलं होतं. नवऱ्याची आत्या, शारदाबाई, यांनी तर इतकी लिंबं उतरवली की गल्लीतल्या कोंबड्या वाट बदलून जायला लागल्या. शेवटी नीरजानंच पोरीला धाराशिवच्या डॉक्टरांकडं ओढून नेलं. तिथल्या स्कॅनमध्ये मेंदूच्या मागच्या बाजूला सावली दिसली. ती गाठ आहे का, असली तर कसली, हे सोलापूरला एमआरआय केल्यावरच कळणार होतं.

नीरजा शाळेत विज्ञान शिकवायची. घरात आपण एकट्याच शहाण्या, असं तिचं पक्कं मत होतं, आणि या घरात राहून तसं मत व्हायला फार हुशारी लागत नव्हती.

लहान पोर मशीनमध्ये हलणार, म्हणून भूल द्यायची होती. पोट रिकामं हवं, असं सोलापूरहून बजावलं होतं. नीरजानं आदल्या संध्याकाळीच खाऊचे डबे वर चढवले, आत्याबाईंच्या पिशवीतली पेढ्यांची पुडी काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि सगळ्यांना दम भरला.

“एवढ्याशा लेकराला उपाशी मारतीस व्हय गं?” आत्याबाई म्हणाल्या.

“हो. आणि कुणी तिच्या तोंडात काही कोंबलं, तर त्याचीही गय करणार नाही.”

तिचा नवरा गुरुप्रसाद मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. तहसिलीत कारकुनी करून त्याला एकच गोष्ट नीट जमायला लागली होती, ती म्हणजे काहीच ऐकू न येणं.

सकाळी गाडी दारात येऊन हॉर्न मारत होती. सासरे, गोपाळकृष्णअण्णा, पूजा आटोपून देव्हाऱ्यापुढं बसले होते. फाइल आणि चादर पिशवीत कोंबता कोंबता नीरजा ओरडली, “अक्षरा, अण्णांच्या पाया पड, तीर्थ घे आणि चल लवकर!”

सोलापूरच्या दवाखान्यात आत्याबाईंनी दोन खुर्च्या अडवल्या आणि नळदुर्गच्या एका अनोळखी बाईला पोरीला दृष्ट लागल्याची हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली. नीरजा दात आवळून ऐकत राहिली. तिला गळा काढून रडायचं होतं, पण या लोकांसमोर रडायची तिची तयारी नव्हती.

भुलीच्या डॉक्टरांनी आत घेतलं. “काही खाल्लं-प्यायलं?”

“रात्रीपासून काही नाही,” नीरजा ठसक्यात म्हणाली. गुरुप्रसादनं मान डोलावली. मागोमाग घुसलेल्या आत्याबाईंनी आई भवानीची शपथ घेतली.

“तीर्थ घेतलं,” अक्षरा म्हणाली.

“तीर्थ म्हणजे?”

“दूध, दही, मध, केळं. भूक लागली होती. अण्णांनी वाटी दिली, मी सगळी प्याले.”

डॉक्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

“अहो, तीर्थानं उपास मोडत न्हाय!” आत्याबाई कळवळून म्हणाल्या. “नवरात्रात आमी रोज घेतो की.”

“देवीचा मोडत नसेल. भुलीत हे दूध वर येऊन फुप्फुसात गेलं असतं. पोरगी बोलली म्हणून बरं. आज जमणार नाही, पुढचे नंबर लागलेत. मंगळवारी या.”

बाहेर आल्यावर गुरुप्रसाद पोरीवर डाफरला, “तुला मधी बोलायला कुणी सांगितलं होतं गं?”

नीरजानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. “जीव वाचवला तिनं स्वतःचा! आणि अण्णांना मी कितीदा बजावलं होतं? तुमच्या घरात एकाला तरी डोकं आहे का?”

अक्षरानं तिची ओढणी ओढली. “पण आई, तूच म्हणालीस ना, तीर्थ घे आणि चल.”

दूध पचायला किती वेळ लागतो, हे नीरजा दरवर्षी फळ्यावर लिहीत होती. सकाळी अण्णांच्या हातातली वाटी तिनं पाहिली होती. तिलाही त्यात तीर्थच दिसलं होतं, दूध नाही. आता मंगळवारपर्यंत ती सावली डोक्यात घेऊन पोरगी घरभर फिरणार होती, आणि ते नीरजाच्या शब्दामुळं.

“आई, आता खाऊ का?”

नीरजानं पर्समधली पुडी काढली आणि आत्याबाईंच्या हातात ठेवली.

“तुम्ही भरवा,” ती म्हणाली. स्वतःच्या हातानं भरवायची तिला लाज वाटत होती.